संपादक आमदार होतो तेव्हा : आचार्य अत्रे, ‘मराठा’ आणि विधानसभा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अत्र्यांवर व्याख्यान दिलं की शेवटी चिठ्ठ्या येतात. पूर्वी खरोखरच्या चिठ्ठ्या यायच्या, चतकोर कागदाच्या. आता फोनवर येतात. त्यांतल्या निम्म्या विनोदांबद्दल असतात, पाव नाटकांबद्दल, आणि उरलेल्या पावात तेच तेच प्रश्न फिरून येतात : वर्तमानपत्राचा मालक-संपादक आमदार झाला, तर त्याला दोन्हीकडे बोलायची मुभा होती का? छापण्याची होती का? हे प्रश्न मला विनोदांपेक्षा जास्त आवडतात. मी स्वतः बरीच वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली आहेत, त्यामुळे माणूस काय बोलला यापेक्षा त्यातलं काय छापलं गेलं याकडे माझं लक्ष आधी जातं. उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगत नाही, तिथे क्रमांक दिला आहे.

१. अत्रे नेमके कधी आणि कुठल्या सभागृहात आमदार होते?

प्रल्हाद केशव अत्रे (१३ ऑगस्ट १८९८ – १३ जून १९६९) १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, मुंबईसह मराठी भाषकांचं राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीकडून, मुंबईतून निवडून आले. ती विधानसभा महाराष्ट्राची नव्हती. ती होती १ नोव्हेंबर १९५६ ला अस्तित्वात आलेल्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याची. त्यात आजचा महाराष्ट्र आणि आजचा गुजरात दोन्ही होते आणि जागा होत्या ३९६. काँग्रेसला त्यांतल्या २३४ मिळाल्या. राज्यभर बहुमत मिळालं, पण मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने तिला चांगलंच घायकुतीला आणलं.

मग गोंधळ कुठे होतो? १ मे १९६० ला राज्य दुभंगलं, पण त्यासाठी नव्याने निवडणूक झाली नाही. ३९६ मधले १३२ सदस्य गुजरातच्या विधानसभेत गेले आणि २६४ इकडे राहिले. तीच महाराष्ट्राची पहिली विधानसभा, आणि ती १९६२ पर्यंत चालली. म्हणजे अत्रे ‘मुंबई राज्याचे आमदार’ आणि ‘महाराष्ट्राचे आमदार’ दोन्ही, आणि ते एकाच निवडणुकीवर. कोणी यातलं एक म्हणतं, कोणी दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात.

२. ‘मराठा’ म्हणजे टिळकांचाच पेपर ना? तो अत्र्यांनी पुढे चालवला?

नाही. टिळक-आगरकरांचा ‘मराठा’ इंग्रजी साप्ताहिक होता. २ जानेवारी १८८१ ला निघाला, ‘केसरी’च्या दोन दिवस आधी. अत्र्यांचा ‘मराठा’ मराठी दैनिक, १५ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत सुरू झालेलं. नाव सारखं, पण भाषा, काळ आणि स्वभाव वेगळा.

तारीख मात्र लक्षात ठेवा. द्वैभाषिक राज्य १ नोव्हेंबरला लादलं गेलं आणि पेपर पंधराव्या दिवशी बाजारात. निवडणूक पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. म्हणजे अत्रे उमेदवार म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांचं दैनिक चार महिन्यांचंही नव्हतं.

३. ते मूळचे शिक्षक आणि नाटककार. प्रकाशनाच्या धंद्यात कसे आले?

शिक्षणातूनच. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत मुख्याध्यापकी करताना त्यांच्या लक्षात आलं की मुलांच्या हाती पडणारी क्रमिक पुस्तकं वाचवत नाहीत. त्यातून ‘नवयुग वाचनमाला’ आली. ‘दिनूचं बिल’ ज्यांनी शाळेत वाचलं त्यांना वेगळं सांगायला नको. आईला बिल लावणारा तो मुलगा आजही साठीच्या लोकांना आठवतो. क्रमिक पुस्तक म्हणजे प्रकाशनाची सगळ्यांत कडक शाळा. शुद्धलेखनाची एक चूक हजारो मुलं पाठ करतात.

नंतर १९४० मध्ये ‘नवयुग’ साप्ताहिक. मधल्या काळात ‘जयहिंद’ हे सांजदैनिक काढलं, ते फार टिकलं नाही. मग ‘मराठा’. वरळीला ‘शिवशक्ती’ ही वास्तू उभी राहिली आणि लिहिणं, छापणं, भांडणं सगळं एका छपराखाली आलं. मध्ये चित्रपटही केले, ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, पण तो विषय वेगळा.

एक गोष्ट नवीन वाचकांना सांगावी लागते. तेव्हा वर्तमानपत्र ‘टाइप’ होत नसे, खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले जात. जुळारी खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर, म्हणजे केससमोर, उभा राहून एकेक खिळा उचलून ओळ बांधायचा, आणि ती ओळ त्याला उलटी वाचावी लागायची. अत्र्यांसारखा रात्री उशिरा अग्रलेख देणारा आणि मग प्रुफावर आणखी दहा ओळी वाढवणारा संपादक म्हणजे जुळाऱ्याच्या डोक्याला ताप. दहा ओळी वाढल्या की तेवढ्याच कुठूनतरी काढाव्या लागतात, पान रबराचं नसतं.

४. १९५७ च्या आधी ते कधी निवडून आले होते का?

होय, पुणे नगरपालिकेत, १९३० च्या दशकाच्या शेवटी, आणि तेही काँग्रेसकडून. समितीच्या काळातले अत्रे डोळ्यांसमोर ठेवणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. तिथे ते स्थायी समितीचे अध्यक्ष झाले.

त्या कारकिर्दीतली एकच गोष्ट सांगतो. पुण्याच्या रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं ते अत्र्यांच्या पुढाकाराने. गंमत अशी, की फुले स्वतः पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी याच मार्केटच्या बांधकामावर पैसा घालायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ज्या इमारतीला विरोध केला तिच्याच माथ्यावर त्यांचं नाव. पुणेकर भाजी घेताना हे रोज विसरतात. पुढे अत्र्यांनी फुल्यांवर चित्रपटही काढला. नाव देणं ही त्यांची आवडती राजकीय कृती होती असं मला वाटतं. प्रश्न ७ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर दिसते.

५. स्वतःचा पेपर होता म्हणूनच निवडून आले, असं म्हणायचं का?

अर्धवट खरं. १९५७ मध्ये मुंबईत समितीची लाट होती आणि समिती हा एक पक्ष नव्हता. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि कुठल्याच पक्षात न बसणारे लोक, असं ते कडबोळं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात ती स्थापन झाली, एस. एम. जोशी सरचिटणीस. एवढ्या वेगवेगळ्या तोंडांच्या मंडळींना एक आवाज हवा होता. तो आवाज ‘मराठा’ने दिला.

म्हणून मी उलट म्हणतो. अत्रे पेपरामुळे आमदार झाले यापेक्षा समिती ‘मराठा’मुळे समितीसारखी वाटली. सभेला न आलेल्या माणसाला सभा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मिळायची, आणि ती प्रत्यक्ष सभेपेक्षा चढ्या आवाजात असायची.

मोजमाप हवं असेल तर १९६२ चे आकडे पाहा : २६४ पैकी काँग्रेस २१५. राज्य मिळालं आणि समितीचं प्रयोजन संपलं, घटकपक्ष आपापल्या वाटेने गेले. ‘मराठा’ तेव्हाही चालू होता आणि अत्र्यांची लेखणीही तेवढीच धारदार होती. पेपर लाट वाढवू शकतो. नसलेली लाट आणू शकत नाही.

६. तेव्हा विधानसभा भरायची कुठे? नरिमन पॉइंटला?

नाही, ती इमारत १९८१ ची. तेव्हाचं सभागृह म्हणजे जुना कौन्सिल हॉल, कुलाब्याच्या तोंडाशी, वेलिंग्टन फाउंटनजवळ. मूळचं खलाशांचं विश्रामगृह. आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. अध्यक्षपदी सयाजी सिलम. नागपूरचं हिवाळी अधिवेशन १९६० नंतरचं, नागपूर करारातून आलेलं.

७. आमदार म्हणून त्यांनी ठोस काय केलं? की फक्त गाजवलं?

विरोधी बाकावरच्या आमदाराच्या नावावर कायदे नसतात, हे आधी मान्य करू. त्याच्या हाती असतात प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, औचित्याचे मुद्दे आणि भाषण. अत्रे भाषणाचे गडी.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग राज्याच्या नावाचा. नवं राज्य ‘मुंबई’ नावाने ओळखलं जावं की ‘महाराष्ट्र’ म्हणून, हा वाद आज ऐकायला विचित्र वाटतो, पण तो झाला. घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यं बनवायचा अधिकार संसदेचा. त्याआधी विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत विचारायला पाठवलं जातं. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. म्हणजे मार्च १९६० मध्ये कौन्सिल हॉलमध्ये चाललेली चर्चा कायद्याच्या भाषेत केवळ सल्ल्याची होती. तरी ‘महाराष्ट्र’ हेच नाव हवं, असा आग्रह धरणारं अत्र्यांचं तिथलं भाषण आजही १ मेच्या सुमारास लोक एकमेकांना पाठवत असतात. सल्ला म्हणून दिलेलं भाषण साठ-पासष्ट वर्षं टिकलं, आणि त्याच सभागृहात मंजूर झालेली किती विधेयकं कुणाला आठवतात?

याला दुसरी बाजूही आहे. खात्यांच्या मागण्या, अंदाजपत्रकाचे तपशील, समित्यांमधलं रटाळ काम, हा अत्र्यांचा प्रांत नव्हता. ते काम संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या दुसऱ्या लोकांनी केलं आणि त्यांची नावं आज कुणी घेत नाही. अत्र्यांबद्दल प्रेम असूनही हे सांगितलं पाहिजे.

८. तो कोंबड्याचा किस्सा विधानसभेतला आहे का?

हा प्रश्न आला नाही असं एकही व्याख्यान आठवत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ‘एवढ्या सत्ताधाऱ्यांपुढे तुम्ही एकटे कसे पुरे पडणार?’ असं कुणी विचारलं, तर अत्र्यांनी खुराड्यातल्या कोंबड्या किती आणि कोंबडा किती ते मोजायला सांगितलं.

किस्सा झकास आहे. पण विधानसभेला तो लागू पडत नाही, याचं कारण प्रश्न १ मध्ये आहे. तिथे अत्रे एकटे नव्हतेच. समितीचा भला मोठा गट विरोधी बाकांवर होता, त्यात एस. एम. जोशींसारखी माणसं. एकटेपणावर बेतलेला विनोद त्या सभागृहात उभाच राहत नाही. अत्र्यांच्या नावावर खपणाऱ्या गोष्टींना मी साधी कसोटी लावतो : त्यातली परिस्थिती त्या वर्षी होती का? निम्म्या तिथेच गळतात. उरलेल्यांसाठी प्रश्न १६ पाहा.

९. आमदार असताना वर्तमानपत्राचं संपादकपद, मालकी चालते? लाभाचं पद होत नाही का?

होत नाही. घटनेच्या कलम १९१ मधलं लाभाचं पद म्हणजे सरकारच्या अधीन असलेलं पद. खासगी वर्तमानपत्राचा संपादक सरकारचा नोकर नसतो. म्हणून टिळकांपासून आजपर्यंत कुणाला संपादकपद सोडून सभागृहात जावं लागलेलं नाही.

खरी मेख कंत्राटात आहे. सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारचं काम करून देण्याचं कंत्राट चालू असेल, तर निवडणूक कायद्याने उमेदवार अपात्र ठरू शकतो. छापखाना असलेल्या माणसाने याचा विचार करायलाच हवा, कारण सरकार हे छपाईचं मोठं गिऱ्हाईक. हे किती कडक होतं याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. भंडाऱ्याहून पहिल्या लोकसभा निवडणुकीत जिंकलेल्या चतुर्भुज जसानींची निवड सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये अपात्रतेच्या मुद्द्यावर चुकीची ठरवली. कारण काय, तर ते भागीदार असलेली पेढी सरकारी कँटीन स्टोअर्सना विड्या पुरवत होती. विड्यांनी खासदारकी गेली. आज हा नियम लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ मध्ये आहे, पूर्वीपेक्षा आखूड करून.

१०. सभागृहात मंत्र्यावर आरोप करायचा आणि तोच दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पेपरात छापायचा, हे चालत होतं?

या एका प्रश्नासाठी मी बाकीचे लिहायला घेतले.

घटनेच्या कलम १९४(२) मध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली : आमदार सभागृहात जे बोलला त्याबद्दल त्याच्यावर कुठल्याही न्यायालयात खटला चालणार नाही. ही ढाल पूर्ण आहे, अगदी बदनामीपासूनही. दुसरी : सभागृहाने स्वतः किंवा सभागृहाच्या अधिकाराने जे प्रसिद्ध होईल त्याबद्दल कुणाला जबाबदार धरता येणार नाही. ‘मराठा’ काही सभागृहाच्या अधिकाराने प्रसिद्ध होत नव्हता.

म्हणजे एकच माणूस, एकच वाक्य. दुपारी कौन्सिल हॉलमध्ये उच्चारलं तर त्याच्या केसालाही धक्का नाही. रात्री वरळीला खिळ्यांत बांधून सकाळी विकलं, तर तो इतर कुठल्याही संपादकासारखा उघडा. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपातली ती ओळ असतेच : मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. वाचक ती वाचत नाहीत. वकील आधी तीच वाचतात. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याप्रमाणे तिथे छापलेलं संपादकाचं नाव हाच न्यायालयात त्याच्या जबाबदारीचा प्राथमिक पुरावा. ‘मी ते आमदार म्हणून बोललो होतो’ हे त्या ओळीपुढे चालत नाही.

कुणी म्हणेल, खरा वृत्तांत छापायला काय हरकत? भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला स्पष्ट अपवाद दिला होता. विधिमंडळाच्या वृत्तांताला तसा नव्हता. संसदेपुरती ही फट १९५६ मध्ये फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणून बुजवली. ते स्वतः वर्तमानपत्राच्या व्यवस्थापनात मुरलेले, त्यांना दुखणं माहीत होतं. पण त्यांचा कायदा संसदेपुरताच होता, राज्यांच्या विधिमंडळांना लागू नव्हता. अत्रे आमदार होते ती पाचही वर्षं ही फट तशीच उघडी होती.

११. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेलं वाक्य छापलं तर?

तर सभागृहाचा हक्कभंग. हे अत्र्यांच्याच आमदारकीच्या काळात ठरलं, पण बिहारमध्ये. मे १९५७ मध्ये बिहार विधानसभेत एका सदस्याचं भाषण झालं, अध्यक्षांनी त्यातला भाग काढून टाकला, आणि पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने तो भाग धरून भाषण छापलं. संपादक एम. एस. एम. शर्मांना हक्कभंगाची नोटीस आली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५८ मध्ये हरले. चार विरुद्ध एक. वेगळं मत देणारे एकटे न्या. सुब्बा राव.

न्यायालयाचा तर्क असा की काढून टाकलेला भाग कायद्याच्या नजरेत बोललाच गेलेला नसतो, म्हणून तो छापणं म्हणजे कामकाजाचा खोटा वृत्तांत देणं. पत्रकार कक्षात बसून कानांनी ऐकलेलं वाक्य ‘बोललं गेलंच नाही’! कायदा म्हणून ते समजतं, पण बातमीदाराच्या वहीला कसं समजवायचं?

१२. आणि अध्यक्षांनी नाकारलेला प्रश्न आमदाराने स्वतःच छापला तर?

हा सगळ्यांत अवघड प्रसंग. विचारणारे नेहमी ‘असं कधी घडलं का’ असंही विचारतात. घडलं. पश्चिम बंगालचे आमदार डॉ. जतीशचंद्र घोष यांनी एका सरकारी अधिकाऱ्याबद्दल विधानसभेत प्रश्न दिले. अध्यक्षांनी ते नाकारले. घोषांनी ते ‘जनमत’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला. ‘मी आमदार म्हणून दिलेले प्रश्न आहेत, मला संरक्षण आहे’ हा बचाव १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. सभागृहाबाहेर छापलं की तो साधा लेखक.

प्रश्न १० मधला नियम जितका कोरडा वाटतो तितका तो नाही, हे इथे दिसतं. घोषांची तक्रार खरी असेल किंवा नसेल, सभागृहात विचारायची वाट अध्यक्षांनी बंद केली आणि छापायची वाट न्यायालयाने.

१३. आज परिस्थिती तीच आहे का?

बरीच सुधारली. आणीबाणीत फिरोज गांधींचा कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि मग ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३६१-अ घातलं. ते संसद आणि राज्य विधिमंडळं दोन्हींना लागू आहे. कामकाजाचा मुळाबरहुकूम, द्वेषबुद्धी न ठेवता दिलेला वृत्तांत छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला चालत नाही. अपवाद गुप्त बैठकांचा.

पण प्रश्न ११ आणि १२ मधल्या गोष्टी यात बसत नाहीत. काढून टाकलेलं वाक्य कामकाजच नाही, नाकारलेला प्रश्न कामकाजात आलाच नाही. तिथे जुनंच चालतं. १८६७ चा कायदाही गेला. त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिकं नोंदणीचा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला.

१४. आज एखाद्या उमेदवाराने अत्र्यांसारखा स्वतःच्या दैनिकातून प्रचार केला तर?

खर्चाच्या हिशेबात अडकेल. निवडणूक आयोगाची भूमिका अशी की उमेदवाराच्या मालकीच्या वर्तमानपत्रातून किंवा वाहिनीवरून त्याचा प्रचार झाला, तर त्याची किंमत दरपत्रकाप्रमाणे त्याच्या खर्चात धरायची. अग्रलेख म्हणजे प्रचार की मत, हा वाद तरीही उरतोच. हँडबिलं आणि भित्तिपत्रकांचं वेगळं आहे. त्यांवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद. हे कलम १९६१ मध्ये आलं, म्हणजे अत्र्यांच्या निवडणुकीनंतर.

१५. असे संपादक-आमदार आणखी कोण? राज्यपालनियुक्त आमदारांत पत्रकारांसाठी जागा असते ना?

शेवटचं आधी. नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ वर राज्यपाल नेमणूक करतात, त्यासाठी घटनेने पाच क्षेत्रं दिली आहेत : साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ, समाजसेवा. पत्रकारिता त्यात नाही. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर या वाटेने परिषदेत आले, ते कवी म्हणून. संपादकाला ‘साहित्य’ किंवा ‘समाजसेवा’ या दारातून शिरावं लागतं.

बाकी परंपरा मोठी आहे. टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले ते ‘केसरी’चे असतानाच. डॉ. आंबेडकरांचं तर जुळून आलेलं आहे : फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात शपथ आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक. कौन्सिलात मांडायचं आणि पाक्षिकात समजावून सांगायचं, असं ते दुहेरी काम होतं. माझ्या मते संपादक-आमदार कसा असावा याचा खरा नमुना तोच आहे. अत्र्यांचा जोर गाजण्यावर होता, बाबासाहेबांचा मुद्देसूद मांडणीवर.

नंतरच्या काळात ‘लोकमत’चे जवाहरलाल दर्डा विधान परिषदेत आणि मंत्रिमंडळात दीर्घकाळ होते. पण ते सत्तेतले प्रकाशक, त्यांची अडचण वेगळ्या जातीची. गोव्यात उदय भेंब्रे : १९६७ च्या जनमत कौलाआधी ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहून गोवा महाराष्ट्रात विलीन करू नका असं सांगणारे, पुढे मडगावचे आमदार, आणि ‘सुनापरान्त’ या कोकणी दैनिकाचे संपादक. अत्र्यांच्या बरोबर उलट बाजूचं राजकारण आणि हत्यार तेच.

१६. अत्र्यांची विधानसभेतली भाषणं मूळ स्वरूपात कशी वाचायची? पेपरात आलेल्यावर विश्वास ठेवावा का?

पेपरात आलेलं वाचा, पण एकटं वाचू नका. अत्र्यांचं भाषण अत्र्यांच्याच पेपरात म्हणजे वराने स्वतःच मंगलाष्टकं म्हणण्यासारखं. विधिमंडळाची छापील कार्यवाही वेगळी असते. प्रतिवेदकांनी टिपलेली, त्यात सदस्य आडवे आले तर तसं नोंदलेलं, हशा पिकला तर कंसात ‘हशा’. अत्र्यांच्या भाषणात हा कंस कुठे आहे आणि कुठे नाही, हे पाहण्यात माझी एक अख्खी दुपार गेली होती. काही ठिकाणी आपल्याला हसू येतं आणि कंस नाही. काही ठिकाणी कंस आहे आणि आपल्याला कळत नाही लोक का हसले. बहुधा आवाजाला हसले असतील.

शोधायची युक्ती सोपी आहे. कार्यवाहीच्या खंडांत विषयाने शोधायला गेलात तर दमाल. आधी जुन्या दैनिकात बातमी शोधा, अंकाची तारीख टिपा, आणि विधानभवनाच्या ग्रंथालयात आदल्या दिवशीची कार्यवाही मागा. अंक सोमवारचा असेल, तर रविवार नव्हे, शुक्रवार-शनिवार मागा.

१७. आमदारकीनंतर काय झालं? नेहरूंवर एवढी टीका करून नंतर स्तुती कशी केली?

आमदारकी संपली तरी ‘मराठा’ संपला नाही, त्यामुळे अत्र्यांच्या दिनक्रमात फारसा फरक पडला नसावा. प्रतापगडावर ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीने काळी निशाणं दाखवली. त्या निदर्शनांना हवा देणारा हाच संपादक. मे १९६४ मध्ये नेहरू गेले आणि त्याच पेपरात ‘सूर्यास्त’ ही लेखमाला सुरू झाली. एक-दोन लेख नव्हेत, मालिका. ढोंग म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. अत्र्यांचं प्रेम आणि राग दोन्ही एकाच मापाचे असायचे, म्हणजे मापाबाहेरचे.

आणखी एक बारीक गोष्ट, पुष्कळांच्या नजरेतून सुटलेली. बाळ ठाकऱ्यांचं व्यंगचित्र साप्ताहिक ‘मार्मिक’ १३ ऑगस्ट १९६० ला निघालं, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. १३ ऑगस्ट म्हणजे अत्र्यांचा वाढदिवस. पुढे ‘मराठा’ आणि ‘मार्मिक’ यांच्यात जी जुंपली ती तेव्हाच्या मुंबईकरांना पक्की आठवते. दोन्ही अंक विकत घेणारे वाचक होते, आणि ते आधी कुठला उघडायचे यावरून घराघरांत भांडणं होत. आमच्या घरी वडील आधी ‘मराठा’ घ्यायचे आणि काका तो त्यांच्या हातून सुटेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचे.